पाळक, मिशनरी आणि पदकविजेता लष्करी चॅपलेन : एका माणसाचे चरित्र पुण्यात बसून कसे लिहावे

पुण्यात दर एक-दोन वर्षांनी कोणत्या ना कोणत्या चर्चचा महोत्सव असतो, त्याची स्मरणिका निघते, आणि स्मरणिका समितीच्या पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणते की आपल्या मंडळीत पूर्वी ते एक पाळकसाहेब होते, आधी मिशनरी होते, मग लढाईवर चॅपलेन, म्हणजे सैन्याचे धर्मगुरू, म्हणून गेले आणि पदक घेऊन आले, त्यांच्यावर एक लेख हवाच. त्या बैठकीला जो गैरहजर असतो त्याच्या गळ्यात हा लेख पडतो. ही टिपणे त्या गैरहजर माणसासाठी आहेत.

लेख अवघड जातो तो माहिती नसते म्हणून नव्हे, तर माहिती दोन दप्तरांत विभागलेली असते म्हणून. मिशनच्या दप्तरात त्या माणसाचे नाव एका वर्षी बंद होते, सैन्याच्या दप्तरात ते पुढच्या एखाद्या वर्षी उघडते, आणि दोन्हीकडच्या कारकुनांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. त्यामुळे बहुतेक लेखांत एकतर वीस वर्षांचे मिशनकार्य सविस्तर येते आणि शेवटी ‘पुढे त्यांनी युद्धकाळातही सेवा केली’ असे एक वाक्य डकवले जाते, किंवा सगळा लेख पदकाचा होतो आणि आधीची वीस वर्षे प्रस्तावनेत उरकली जातात. माझे मत असे की चरित्र या दोन दप्तरांच्या सांध्यात असते. त्याने मिशन का सोडले, त्याला कोणी जाऊ दिले, आणि खेडोपाडी फिरताना लागलेली कोणती सवय त्याने छावणीत नेली, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठीच पुढची सगळी खटपट करायची आहे.

आधी पगार कोण देत होते ते पाहावे

‘पाद्री’ या एका शब्दात आपण मराठी माणसे तीन वेगळे पेशे कोंबतो. पाळक हा स्थानिक मंडळीचा असतो; मिशनरीला दूरची एखादी संस्था पाठवते आणि तिला तो अहवाल देतो; चॅपलेनची नेमणूक सरकार किंवा सैन्य करते आणि त्याची पहिली जबाबदारी आपल्या पलटणीतील लोकांची असते. एकच माणूस आयुष्यात तिन्ही असू शकतो, पण एकाच वेळी सहसा नसतो, म्हणून प्रत्येक वर्षासमोर ‘या वर्षी पगार कोणाचा’ एवढेच लिहून एक कोष्टक करावे. कोष्टक दोन पानांचे होते, पण अर्धे गैरसमज तिथेच गळून पडतात.

हा भेद आपल्याकडे नुसता कागदावरचा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या गोऱ्या नोकरांसाठी चॅपलेन पगारावर ठेवत असे, पण मिशनऱ्यांना मात्र ती आपल्या मुलखात बरे म्हणत नसे. १८१३च्या सनदेने ते दार उघडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले होते, आणि तेच पुढे अमेरिकन मराठी मिशनचे आद्य पुरुष ठरले. मिशनरीने चॅपलेन होणे म्हणजे काय, याचे जुने उदाहरण हवे असेल तर जॉन स्टीव्हन्सन यांचे घ्यावे. ते स्कॉटिश मिशनरी म्हणून मुंबई इलाख्यात आले, १८३३ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण छापले गेले, आणि नंतर त्यांनी मिशन सोडून मुंबईतील स्कॉच चर्चचे चॅपलेनपद घेतले. मराठी ते दोन्ही टोप्यांखाली शिकत राहिले, पण अहवाल पाठवण्याचा पत्ता बदलला, आणि चरित्रकाराला तो बदललेला पत्ताच हवा असतो.

आजच्या भारतीय सेनेची व्यवस्था त्या काळच्या मोजपट्टीने मोजू नये. ब्रिटिश सेनेतील चॅपलेन हा अधिकारी असतो. आपल्याकडे पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री हे सर्व धर्मगुरू कनिष्ठ कमिशनप्राप्त अधिकारी म्हणून भरती होतात आणि त्यांचे प्रशिक्षण पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. तुमच्या मंडळीतील पाळकसाहेब स्वातंत्र्यानंतर सेनेत गेले असतील तर शोधाची दिशाच वेगळी होते, आणि लंडनच्या कागदपत्रांत वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

पाटी, दगड आणि नावामागची अक्षरे

सुरुवात पायी करावी. पुणे कॅम्पातील सेंट मेरीज चर्च १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते प्रतिष्ठापित झाले, खडकीचे ऑल सेंट्स चर्च त्यानंतर साधारण पंधरा-सोळा वर्षांनी उभे राहिले, आणि गुरुवार पेठेतील पंचहौद चर्च १८८५ चे. पहिली दोन छावणीची, तिसरे शहरातील मिशनचे, आणि हा फरक त्यांच्या भिंतींवरही दिसतो. छावणीच्या चर्चमध्ये पलटणींची नावे वाचायला मिळतात, तर पंचहौदच्या परिसरात शाळा, वसतिगृह आणि मराठी उपासनेच्या खुणा. तुमचा माणूस यांपैकी कोणत्या भिंतीवर आहे, किंवा दोन्हीकडे आहे का, हे पाहूनच पुढे जावे.

जायचे ते रविवारच्या उपासनेनंतर, पाळकांना आधी विचारून, आणि सोबत एक साधी विजेरी घेऊन. पितळी पाट्या वर्षानुवर्षे पॉलिश लावून घासल्यामुळे अक्षरे इतकी सपाट झालेली असतात की समोरून पाहिले तर नुसती पिवळी चकाकी दिसते. विजेरी पाटीला जवळजवळ टेकवून बाजूने धरली की खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून येते. दगडावर खडू, पीठ किंवा राख चोळू नये. त्याने अक्षर आज दिसते आणि दगड उद्या झिजतो. फोटो तीन काढावेत, डावीकडून उजेड, उजवीकडून उजेड आणि पूर्ण पाटी, आणि मजकूर तिथेच उभे राहून वहीत उतरवावा, कारण घरी फोटोत ‘३’ आणि ‘८’ एकसारखे दिसतात.

नावामागच्या अक्षरांनी मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे. एका स्मरणिकेसाठी लिहिताना मी पाटीवरील ‘सी. एफ.’ ही कुठल्यातरी धर्मशास्त्रीय महाविद्यालयाची पदवी समजून तसे छापून मोकळा झालो. ती पदवी नव्हे, ‘सैन्याचा चॅपलेन’ या हुद्द्याची आद्याक्षरे. प्रकाशनानंतर चहाच्या रांगेत एक निवृत्त सुभेदार माझ्याजवळ आले आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, “सर, ती डिग्री नाही, पोस्टिंग आहे.” हा सल्ला तेव्हापासून मी फुकट वाटतो आहे.

या हुद्द्याला पुढे श्रेणी असते, आणि तिथे मराठीत दुसरा खड्डा आहे. ब्रिटिश सेनेत ‘चौथ्या श्रेणीचा चॅपलेन’ म्हणजे कॅप्टनच्या बरोबरीचा, तिसऱ्या श्रेणीचा मेजरच्या, दुसऱ्या श्रेणीचा लेफ्टनंट कर्नलच्या आणि पहिल्या श्रेणीचा कर्नलच्या. हेच जर शब्दशः ‘चतुर्थ श्रेणी चॅपलेन’ असे छापले, तर पुण्यातील प्रत्येक वाचकाच्या डोळ्यांसमोर कचेरीतील शिपाई उभा राहतो. ‘कॅप्टनच्या दर्जाचा चॅपलेन’ असे सरळ लिहावे.

पदकांच्या अक्षरांबाबत एवढे ध्यानात असू द्यावे की ती मानाच्या क्रमाने लिहितात, मिळाल्याच्या क्रमाने नव्हे. पहिल्या महायुद्धातील थिओडोर हार्डी या चॅपलेनच्या नावामागे व्हिक्टोरिया क्रॉस (शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक), डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर आणि मिलिटरी क्रॉस असा क्रम छापतात, पण त्यांना आधी ऑर्डर मिळाली, मग मिलिटरी क्रॉस आणि जुलै १९१८ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तिन्ही एका वर्षाच्या आत, आणि तेही वयाच्या चौपन्नाच्या सुमारास. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला ते जखमांनी वारले. अक्षरांवरून कालक्रम लावणाऱ्याने त्यांचे आयुष्य उलटे लिहिले असते.

घरात जपलेली पदके पाहताना तर आणखी सावध राहावे. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल ही मोहिमेची पदके. आघाडीवर सेवा केलेल्या लाखो लोकांना ती मिळाली. ‘व्हिक्टरी’ या नावामुळे घरोघरी त्याचे शौर्यपदक झालेले असते. पदकाची कड भिंगाखाली फिरवली तर त्यावर नाव आणि हुद्दा कोरलेला सापडतो, आणि व्हिक्टरी मेडलच्या फितीवर ओकच्या पानाची छोटी ब्राँझची खूण असेल तर सेनापतीच्या खलित्यात नावाचा उल्लेख झाला होता असे समजावे. कैसर-ए-हिंद हे १९०० पासून दिले गेलेले पदक लोकसेवेचे. अनेक मिशनऱ्यांना ते दुष्काळ, प्लेग, शाळा आणि दवाखान्यांच्या कामासाठी मिळाले, आणि १९१९ मध्ये पंडिता रमाबाईंनाही मिळाले. ते छातीवर आहे म्हणून माणूस लढाईवर गेला होता असे होत नाही. आणि जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पथारीवर दिसणारे पदक कितीही मोह पाडणारे असले, तरी त्याच्यावर चरित्राचा आधार ठेवू नये.

त्याचा माग दुसऱ्यांच्या नोंदींत काढावा

या कामातली सर्वांत उपयोगी युक्ती मला उशिरा उमगली. चॅपलेनचा स्वतःचा बाप्तिस्मा पुण्याच्या नोंदवहीत सापडत नाही, कारण तो कुठेतरी कॉर्कला किंवा एक्सेटरला झालेला असतो. इथे सापडते ती त्याची सही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांत शेवटचा रकाना विधी करणाऱ्याचा असतो. तोच रकाना वरून खाली वाचत जावे. एका ठरावीक रविवारी सही सुरू होते, काही महिने सलग दिसते, मध्येच दुसऱ्याची येते, पुन्हा पहिली येते, आणि एका दिवशी कायमची थांबते. सुरू झालेली तारीख, थांबलेली तारीख आणि मधल्या फटी टिपल्या की त्या माणसाची पुण्यातील सगळी हजेरी तुमच्या हाती येते, आणि ती कोणत्याही गौरवलेखापेक्षा खरी असते.

फटीचा अर्थ मात्र घाईने लावू नये. मुंबई सरकार पावसाळ्यात पुण्यात मुक्कामाला येत असे, त्यामुळे जून ते ऑक्टोबर या काळात पुण्यातील नोंदी वाढतात आणि पाहुण्या पाद्र्यांच्या सह्या दिसू लागतात. तुमचा माणूस तेव्हा गायब असेल तर तो रजेवर असेल, महाबळेश्वरी गेला असेल किंवा नुसता दुसऱ्या चर्चला बदली म्हणून उभा असेल. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा हुद्दा आणि पलटण लिहिलेली असते, तीही उतरवून घ्यावी. ज्या पलटणीच्या लेकरांना तो बाप्तिस्मा देत होता, तिच्याबरोबरच तो पुढे मोहिमेवर गेलेला दिसण्याचा संभव असतो.

दफनाची वही वाचायला वेळ आणि मन दोन्ही लागते. एका छावणीच्या वहीत मी असे एक पान पाहिले आहे की वरच्या दोन नोंदी सुवाच्य, पूर्ण नावासह, वळणदार सहीच्या. खाली त्याच आठवड्यात सहा नोंदी, मृत्यूचे कारण प्रत्येकापुढे पटकी, आणि सही दर नोंदीला आखडत जाऊन शेवटी नुसती दोन आद्याक्षरे उरलेली. पानाच्या तळाशी शाईचा एक डाग होता आणि पुढचे पान दुसऱ्याच हस्ताक्षरात सुरू होत होते. त्या पाद्र्याला कोणी पदक दिले नाही. पण चॅपलेनचे रोजचे काम काय असते हे लिहायचे असेल तर या एका पानाइतके चांगले साधन मला ठाऊक नाही.

मूळ वह्या नेहमी जागेवर असतीलच असे नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातील अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील) आणि इतर अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा पाट्या बदलल्या, कचेऱ्या बदलल्या आणि वह्यांची कपाटेही हलली; म्हणून ‘ही वही कोणाकडे’ असे विचारण्याऐवजी ‘१९७० पूर्वी हे चर्च कोणाच्या अखत्यारीत होते’ असे विचारावे. मुंबई इलाख्यातील नोंदींच्या प्रती इंग्रजी अमदानीत लंडनला जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात ‘एन/३’ या मालेत आहेत. इंटरनेटवर शोधताना ‘पुणे’ आणि ‘खडकी’ टंकून काही हाती लागणार नाही. त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगातील ‘पूना’ आणि ‘किर्की’ घालावे. माणूस अँग्लिकन असेल तर १८५८ पासून निघणारी क्रॉकफर्डची पाळकसूची पाहावी. तिच्यात कोण कोणत्या वर्षी कुठे नेमला होता हे कोरडेपणाने, म्हणजेच विश्वासार्हपणे दिलेले असते.

युद्धकाळात भारतात मृत्यू आलेल्याचा शोध असेल तर खडकीच्या युद्धस्मशानभूमीत एक चक्कर मारावी. तिथल्या कबरी दुसऱ्या महायुद्धाच्या आहेत, पण तिथेच पहिल्या महायुद्धाचे एक स्मारकही आहे, आणि देशभरातील ज्यांच्या कबरींची निगा राखणे अशक्य झाले अशा अठराशेहून अधिक जणांची नावे त्यावर आहेत. त्यावर नाव असणे म्हणजे माणूस खडकीत पुरला असणे नव्हे, ही चूक छापील लेखांत मी एकाहून अधिक वेळा वाचली आहे.

मानपत्रातील प्रत्येक क्रियापद वेगळे काढावे

शौर्यपदकाबरोबर राजपत्रात एक लहान मजकूर छापला जातो. लंडन गॅझेटचे जुने अंक इंटरनेटवर मोफत पाहता येतात, तेव्हा घरच्यांनी सांगितलेली हकीकत आणि राजपत्रातील मजकूर शेजारी-शेजारी ठेवूनच लिहावे. कसे वाचावे हे दाखवण्यासाठी मी नेहमी जेम्स विल्यम ॲडम्स यांचा मजकूर घेतो. ते मिशनरी नव्हते, १८६६ मध्ये बंगाल इलाख्याच्या सरकारी धर्मखात्यात आलेले आयरिश चॅपलेन होते, पण व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले धर्मगुरू तेच, आणि त्यांचा मजकूर वाचायला शिकले की बाकीचे सोपे जातात.

घटना ११ डिसेंबर १८७९ची, काबूलजवळच्या किल्ला काझीची. नवव्या लान्सर्सचे काही स्वार घोड्यांसकट एका रुंद, खोल नाल्यात कोसळले होते आणि अफगाण सैन्य अगदी जवळ आले होते. ॲडम्स पाण्यात उतरले, माणसांच्या अंगावर पडलेले घोडे त्यांनी ओढून बाजूला केले आणि माणसांना बाहेर काढले. पाणी कमरेपर्यंत होते, गोळीबार जोरात होता, आणि पुढचे अफगाण काही यार्डांवर येऊन ठेपले होते. मदत नीट करता यावी म्हणून त्यांनी स्वतःचा घोडा आधीच सोडून दिला होता, म्हणून शेवटी त्यांना पायीच निसटावे लागले.

आता यातील क्रियापदे वेगळी काढावीत: उतरले, ओढले, काढले, सोडले, निसटले. यांतले चौथे सर्वांत मोलाचे आहे. पाण्यात उडी घेणे हे क्षणाचे काम असू शकते, पण शत्रू समोर असताना परतीचे एकमेव साधन हातचे सोडून देणे हा निर्णय आहे, आणि चरित्रकाराने थांबायचे ते तिथे. दुसरे असे की या मजकुरात प्रार्थना नाही, आशीर्वाद नाही, देवाचे नाव नाही. लेखकाला मोह होतो की पाण्यात उतरताना त्यांच्या ओठी एखादे स्तोत्र घालावे. घालू नये. सैन्याने त्यांना जे करताना पाहिले ते घोडे ओढताना पाहिले, आणि तेच राहू द्यावे.

तारखांची गल्लतही याच उदाहरणात दिसते. घटना डिसेंबर १८७९ची, राजपत्रातील घोषणा २६ ऑगस्ट १८८१ची. मधल्या वीस महिन्यांचे कारण असे की सरकारी धर्मखात्यातील माणूस सैनिक नसल्यामुळे नियमाप्रमाणे या पदकाला पात्रच नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये या पदकाच्या सनदेत बदल करून भारतातील धर्मखात्याचा समावेश झाला. म्हणजे ‘पगार कोणाचा’ हा सुरुवातीचा रूक्ष प्रश्न इथे पदकाच्या तारखेतच येऊन उभा राहतो. घटना, घोषणा आणि प्रत्यक्ष प्रदान अशा तीन तारखा वेगळ्या लिहाव्यात. लेखात घटनेची आणि घोषणेची दोन्ही द्याव्यात.

आणि वय काढावे. ॲडम्स २४ नोव्हेंबर १८३९ला जन्मले, म्हणजे त्या दिवशी चाळिशी उलटून त्यांना जेमतेम अडीच आठवडे झाले होते आणि भारतात तेरा वर्षे. एवढे एक वाक्य लेखात आले की चित्रातला तरणाबांड वीर जाऊन त्या जागी छावणीत मुरलेला मध्यमवयीन पाद्री दिसू लागतो.

पुण्याचे नाव आले की हुरळून जाऊ नये, हेही इथेच सांगून टाकतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत येथे वेढली गेलेली तुकडी ‘सहावी पूना डिव्हिजन’ होती आणि २९ एप्रिल १९१६ला ती शरण गेली; तिच्यात मराठा पलटणी होत्या, पण ब्रिटिश पलटणीही होत्या, आणि ‘पूना’ हे तिच्या मुख्य ठाण्याचे नाव. तिची सुटका करण्यासाठी आलेल्या सैन्यात विल्यम ॲडिसन हे चॅपलेन होते. ९ एप्रिल १९१६ला सन्नाइयात येथे भर गोळीबारात त्यांनी एका जखमीला उचलून खंदकाच्या आडोशाला नेले आणि आणखी कित्येकांच्या जखमा बांधून त्यांना त्याच आडोशाला पोचवले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘पुण्याच्या सैन्याला सोडवायला गेलेले’ असे त्यांच्याविषयी म्हणता येते, ‘पुण्याचे चॅपलेन’ असे म्हणता येत नाही, आणि या दोन वाक्यांतील अंतर सांभाळणे हेच या कामातील सचोटीचे माप आहे.

सांधा : मिशन सोडल्याचे वर्ष

आता मुख्य कामाकडे. मिशनरी ते चॅपलेन हा प्रवास पूर्ण दिसतो असे जगातील सर्वांत स्पष्ट उदाहरण बहुधा व्हिन्सेंट कपोदानो या कॅथलिक धर्मगुरूंचे आहे, म्हणून आपला माणूस लिहायला घेण्यापूर्वी त्यांचा आराखडा एकदा कागदावर मांडून पाहावा. न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडला इटालियन कुटुंबातील दहावे अपत्य म्हणून १९२९ मध्ये जन्म. मेरीनोल या मिशनरी संघात प्रवेश. जून १९५८ मध्ये गुरुदीक्षा. त्यानंतर तैवानच्या हाक्का भाषक डोंगराळ भागात काही वर्षे मिशनकार्य. मग हाँगकाँगला बदली. ही बदली त्यांना रुचली नाही, आणि त्यांनी वरिष्ठांकडे अमेरिकन नौदलात चॅपलेन म्हणून जाण्याची परवानगी मागितली. डिसेंबर १९६५ मध्ये नेमणूक झाली आणि एप्रिल १९६६ मध्ये ते मरीन सैनिकांबरोबर व्हिएतनामात होते. ठरलेली मुदत संपत आली तेव्हा त्यांनी आणखी सहा महिने मागून घेतले.

४ सप्टेंबर १९६७ला क्वे सॉन खोऱ्यात त्यांच्या बटालियनची एक प्लॅटून चिरडली जाण्याच्या बेतात असल्याचे कळताच ते कंपनीच्या ठाण्याचा आडोसा सोडून मोकळ्या मैदानातून तिकडे धावले. उखळी तोफेच्या गोळ्याने हाताला, दंडाला आणि पायांना जबर जखमा झाल्या, उजव्या हाताचा काही भाग तुटला, तरी स्वतःवर उपचार करून घ्यायला नकार देऊन ते इतरांकडे जात राहिले, आणि शत्रूच्या मशीनगनपासून पंधरा-एक यार्डांवर पडलेल्या एका जखमी वैद्यकीय सहायकाकडे धाव घेताना ठार झाले. जानेवारी १९६९ मध्ये त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले.

हे वाचून बहुतेकजण शेवटच्या परिच्छेदावर लेख उभारतात. मी हाँगकाँगवर उभारीन. ज्याने वर्षानुवर्षे खर्च करून एका डोंगरी लोकांची भाषा आणि ओळख मिळवली, त्याला तिथून काढल्यावर त्याने दुसरी अशी जागा शोधली की जिथे पुन्हा एकदा लोकांच्या मध्ये राहता येईल, असा एक अर्थ त्यातून निघतो. तो अर्थच आहे, पुरावा नव्हे, आणि लेखात तो ‘असे वाटते’ म्हणूनच यावा. तुमच्या पाळकसाहेबांच्या बाबतीतही मिशनच्या शेवटच्या दोन वर्षांचे अहवाल आणि सैन्यातील पहिल्या सहा महिन्यांची पत्रे मिळवायचा सर्वांत जास्त खटाटोप करावा, मग बाकीचे थोडे कमी मिळाले तरी चालेल.

मिशनच्या बाजूचे मराठी साधन पुष्कळ आहे. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासून अहमदनगरहून निघू लागले आणि ‘निरोप्या’ १९०३ पासून. नेमणुका, निरोपसमारंभ, वार्षिक सभा यांच्या बारीक बातम्या त्यांत येतात. निरोपाच्या भाषणात स्तुती वगळून फक्त गावांची नावे आणि वर्षे वेचावीत. युद्धाची दुसरी बाजूही याच साधनांत भेटते. पहिल्या महायुद्धात इंग्रज मिशनरी चॅपलेन म्हणून गणवेश चढवत असताना, पुणे धर्मप्रांतात काम करणाऱ्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या जर्मन धर्मगुरूंवर शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून गदा आली, आणि अहमदनगरला जर्मनांसाठी तारेच्या कुंपणाची छावणी उभी राहिली. ‘निरोप्या’ सुरू करणारे हेन्रिक डोरिंग तोवर पुण्याचे बिशप झाले होते. तेही युरोपात अडकून पडले आणि पुण्याचे बिशप म्हणून १९२७ नंतरच पुन्हा आले. तुमच्या माणसाला त्याच वर्षांत पदक मिळाले असेल, तर त्याचा शेजारी मिशनरी तेव्हा कुठे होता हे एका वाक्यात सांगितल्याशिवाय त्या काळाचे चित्र पुरे होत नाही.

घरच्यांशी बोलताना आणि मराठीत लिहिताना

नातवंडे, पतवंडे पुण्यात असतात; कोणी वानवडीत, कोणी रास्ता पेठेत. पहिल्या भेटीत पदकाचा विषय काढू नये. “आजी, साहेब घरी असले की सकाळी काय करायचे?” असे विचारले की आजी चहा, पायमोजे, सायकल आणि रागावणे या क्रमाने बोलू लागतात, आणि अर्ध्या तासाने आपसूक ट्रंक उघडली जाते. ट्रंकेतील पत्रांवर सेन्सॉरचा शिक्का असेल तर त्यांत गावाचे नाव सापडणार नाही. तारीख आणि टपालाचा शिक्का मात्र आधी टिपावा. मूळ पत्र घरी नेऊ नये, तिथेच खिडकीपाशी फोटो काढून परत करावे, आणि फोटो मागे पाठवून द्यावेत. एवढे केले की दुसऱ्या भेटीला दार लवकर उघडते.

शब्दांच्या बाबतीत तीन ठिकाणी हात आखडता घ्यावा. प्रोटेस्टंट पाळकाला ‘फादर’ आणि कॅथलिक धर्मगुरूला ‘पाळकसाहेब’ म्हणू नये. प्रत्येक मंडळीत जो शब्द रूढ तोच वापरावा. ‘हुतात्मा’ आणि ‘रक्तसाक्षी’ हे शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत, कारण विश्वासासाठी मारल्या गेलेल्याला मंडळी रक्तसाक्षी म्हणते, आणि युद्धात जखमींना वाचवताना मेलेला चॅपलेन आपोआप त्यात येत नाही. कपोदानो यांना २००६ मध्ये त्यांच्या चर्चने ‘देवाचा सेवक’ ही पहिली पायरी दिली. त्यांना ‘संत’ लिहिणे म्हणजे चर्चच्या पुढे धावणे. आणि ‘लढले’ हे क्रियापद तर पूर्ण टाळावे. जिनिव्हा करारांनी चॅपलेनला लढवय्यांत धरलेले नाही. ॲडम्स, ॲडिसन, हार्डी आणि कपोदानो या चौघांच्या पदकांमागे एकही गोळी झाडल्याची नोंद नाही. ‘लढाईवर होते’ म्हणावे, ‘लढले’ म्हणू नये.

लेखाचा क्रम कालानुसारच ठेवावा, पदक पहिल्या परिच्छेदात आणू नये. स्मरणिकेत साधारण दीड हजार शब्दांची जागा मिळते. त्यांतले पाचशे मिशनला, चारशे सांध्याला, तीनशे युद्धाला आणि उरलेले परत आल्यानंतरच्या आयुष्याला द्यावेत. परतल्यानंतरचे आयुष्य सगळे विसरतात. ॲडम्स सरकारी धर्मखात्यातून मोकळे झाल्यावर इंग्लंडच्या लहान गावांत पाळक म्हणून राहिले आणि १९०३ मध्ये रटलंडमधील ॲशवेल येथे वारले. पदकानंतरची ही बावीस वर्षे बावीस शब्दांत गुंडाळली जाऊ नयेत.

छापायला देण्यापूर्वी मजकूर दोघांना दाखवावा: एक त्या मंडळीतील जुने वडील आणि एक कोणीही निवृत्त सैनिक. पहिले नातीगोती दुरुस्त करतात, दुसरे आद्याक्षरे. स्मरणिका निघाली की एक प्रत आणि सह्यांच्या टिपलेल्या तारखांचे एक कोष्टक एका लिफाफ्यात घालून, जिथे नोंदवह्या पाहिल्या त्या कचेरीत पोच घेऊन द्यावे, आणि लिफाफ्यावर वहीचा क्रमांक व पान शिसपेन्सिलीने लिहावे. पेनने नको, कारण पुढच्या वर्षी कपाट पुन्हा हलते आणि क्रमांक बदलतो.